साळवी अण्णांनी दिलेलं हत्यार

साळवी अण्णांच्या हातात काडेपेटी दिली तर ते आधी ती कानाशी नेऊन हलवायचे, मग उघडून आत बघायचे आणि मगच विडी पेटवायचे. चहाचा कप दिला तरी पहिला घोट घेण्याआधी नजर कपात जायची. एसटीचं तिकीट, औषधाची पुडी, टपालाचं पाकीट, काहीही असो, दिलेली वस्तू तशीच खिशात टाकलेली मी कधी पाहिली नाही. आमचे कॅशियर सुर्वे एकदा वैतागून म्हणाले, "अण्णा, लग्नात बायकोचा हात हातात दिला, तेव्हा तोही उलटसुलट करून बघितलात काय?"

"बघितला," अण्णा शांतपणे म्हणाले. "करंगळी कापलेली होती. विचारलं तर बोल्ली, विळीवर."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून नारळ मी खोवतो."

अण्णा आमच्या बँकेचे गार्ड होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गाव देवरूखच्या पुढे डोंगरात. उंच, वाळकी शरीरयष्टी. पांढऱ्या मिशा कातरून एका रेषेत ठेवलेल्या. पट्ट्याचं पितळी बकल रोज चिंच लावून घासायचे आणि गणवेश उतरला की पायांत रबरी सपाता घालून मासळीबाजारात सुकट निवडत बसायचे. धावताना त्यांना कुणी पाहिलं नाही. सैन्यातली हिंदी ते माणसांशी फारशी बोलत नसत. ती त्यांनी निर्जीव वस्तूंसाठी ठेवली होती. जीप सुरू होत नसली की बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "चलो भाई, देर मत करो." आणि ड्रायव्हर इकबालभाई म्हणायचे, "अण्णा, ती मराठी शाळेतली हाय, तिला हिंदी कळत नाय."

मी परभणीकडचा. सातवी पास झालो आणि आठवीत दिवाळीनंतर शाळेत गेलोच नाही. रस्त्याच्या डांबराच्या टोळीबरोबर फिरत फिरत रत्नागिरीला पोचलो. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. टोळीचं काम संपलं, टोळी गोव्याकडे निघाली, आणि मी तापानं फणफणून बँकेच्या मागच्या पडवीत पडलो होतो. मुकादम म्हणाला, बरा झालास की ये. कुठे ये, ते सांगितलं नाही. पडवीत पडलेल्या माणसाला हाकलणं हे गार्डाचं काम होतं. अण्णा आले, काठीनं माझी गोधडी उचलून खाली काही लपवलंय का ते बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेले. तासाभरानं पितळीतून भाताची पेज घेऊन आले.

"घाट्या, हे भाकरी नाय. पण पोटात राहील."

घाटावरच्या माणसाला कोकणात घाटी म्हणतात, आणि त्यात प्रेम नसतं. अण्णांच्या तोंडी ते माझं नाव झालं. माझं खरं नाव माणिक, ते त्यांनी फक्त वहीत लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्यांनीच मला मॅनेजरसाहेबांपुढे उभं केलं. "साहेब, हा पोरगा चोरी करणार नाय. करायची असती तर तापात केली असती, तेव्हा तो पडवीत एकटाच होता." एवढीच शिफारस. मी हंगामी शिपाई झालो आणि वर्षभरात जीपबरोबर जाणारा मदतनीस गार्ड. मी त्यांना हवालदारसाहेब म्हणायचो. ते म्हणाले, "साहेब वर केबिनमध्ये बसतो. मला अण्णा बोल."

या नोकरीत माझा जीव किती कोंडलेला असायचा, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. ज्या माणसानं पेज पाजून उभं केलं, त्याला काय सांगणार? सावर्डे, संगमेश्वर, देवरूख अशा शाखांना रोकड पोचवायला जीप जायची. मागच्या भागात लोखंडी पेटी, पेटीच्या एका अंगाला अण्णा, दुसऱ्याला मी, आणि मागचं दार बाहेरून कुलूपबंद. किल्ली पुढे सुर्व्यांकडे. खिडकी म्हणजे जाळीचा वीतभर चौकोन. मी सपाट मुलखातला माणूस. आमच्याकडे उभं राहिलं की चार गावं दिसतात. इथे घाटात वळणामागून वळण, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि मी कुलपात. गाडी लागू नये म्हणून अण्णा आमसुलाचा तुकडा पुढे करायचे. मी तो न बघता तोंडात टाकायचो आणि ते मान हलवायचे.

मग बँकेनं ठरवलं की जीपमध्ये लांब बंदूक वळवता येत नाही, म्हणून पिस्तूल असावं. जुनं, बत्तीस बोअरचं पिस्तूल आलं. त्याबरोबर वरून पत्रही आलं: जीपवर राहणाऱ्या माणसानं पिस्तूल चालवण्याचा आणि ते सुरक्षित हाताळण्याचा दहा दिवसांचा कोर्स पास केला पाहिजे. कोर्स चैत्रात, शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, नेमबाजीच्या चांदमारीत. जो पास होईल तो कायम. जो होणार नाही त्याची बँकेला गरज नाही. शेवटचं वाक्य पत्रात नव्हतं, ते सुर्व्यांनी वाचताना घातलं, पण खोटं नव्हतं.

मी घरी आधीच कळवून बसलो होतो की नोकरी कायम झाली. वडिलांनी त्या भरवशावर माझं लग्न ठरवलं होतं. आता मला पिस्तुलाची भीती, लेखी परीक्षेची भीती, आणि अण्णांना तोंड दाखवायची भीती. पळून जावं तर जायचं कुठे, आणि न पळावं तर त्या पिस्तुलाला हात लावायला हवा.

अण्णांना कोर्सची गरज नव्हती, सैन्याचे कागद पुरेसे होते. उलट मला तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं. कोर्सच्या अर्जावर एक ओळ होती: 'सदर इसम हत्यार सुरक्षितपणे हाताळतो.' त्याखाली शिकवणाऱ्याची सही.

शिकवणीची जागा म्हणजे तिजोरीच्या खोलीला लागून असलेली हत्यारांची खोली. जांभ्या दगडाच्या भिंती, खिडकी नाही, एक पिवळा बल्ब, लोखंडी कपाट, एक टेबल, आणि भिंतीशी वाळूनं भरलेलं खोकं. पिस्तूल रिकामं करताना तोंड त्या वाळूकडे. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून दार आतून लावायचं. दमट वास यायचा, पावसात भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. रोज बँक उघडण्याआधी अर्धा तास आणि बंद झाल्यावर अर्धा तास मी तिथे.

पहिले आठ दिवस अण्णांनी चापाला बोट लावू दिलं नाही. बोट चापाबाहेर, सरळ. पेन धरलं तरी सरळ. जेवताना मी तर्जनी सरळ ठेवून भात खायचो आणि इकबालभाई विचारायचे, "काय रे, बोटाला लागलं काय?" मग देण्याघेण्याची रीत. अण्णा गोळ्यांचं मॅगझिन काढायचे, नळीवरची स्लाइड मागे ओढायचे, आत बघायचे, आणि पिस्तूल माझ्याकडे देताना म्हणायचे, "खाली." घेणाऱ्यानं पुन्हा स्लाइड ओढून स्वतः आत बघायचं आणि म्हणायचं, "पाहिलं." मग दोघांनी वहीत लिहायचं. दिलं, खाली, सही. घेतलं, पाहिलं, सही. वहीच्या पानांना त्यांनी स्वतः नंबर घातले होते. आठवीत सुटलेलं माझं अक्षर त्या वहीनं परत आणलं.

रीत सोपी होती, आणि नेमकी तीच मला जमेना. अण्णांनी "खाली" म्हटलं की मी दोन्ही हात पुढे करायचो, पिस्तूल घ्यायचो आणि किंचित वाकायचो. स्लाइड ओढायचो, पण नजर आत जायची नाही. कशी जाणार? वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं की रिकामं आहे. त्यानंतर त्याच्यासमोर तपासून बघायचं म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं की तुमच्यावर भरवसा नाही. आमच्याकडे बापानं दिलेलं धान्य पुन्हा मापत नाहीत.

एके दिवशी त्यांनी नेहमीसारखं दिलं. "खाली." मी स्लाइड जरा मागे घेतली, सोडली आणि म्हणालो, "पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"रिकामं आहे."

"परत बग."

आत गोळी होती. दारू काढलेली, नुसतं पितळ आणि शिसं, त्यांनी शिकवण्यासाठी ठेवलेली.  मला वाटलं, आता अर्ज फाडतील. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, काडेपेटी हलवली, बघितली, आणि विडी न पेटवताच तोंडात धरली. त्या खोलीत ते विडी ओढत नसत.

"मला मान देतंस काय?"

"होय."

"मान बाहेर दे. पाया पड, पाणी दे, काय पायजे ते कर. इथे मान नाय. मी सांगतंय म्हणून नाय, मॅनेजर सांगतो म्हणून नाय. देवळातला देव बोल्ला खाली हाय, तरी त्याच्यासमोर उघडून बग. देवाला राग आला तर मला सांग."

त्या दिवशी त्यांनी तेच पिस्तूल मला शंभरदा दिलं. मधूनच गोळी असायची, मधूनच नसायची. शेवटी शेवटी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणंच सोडलं.

त्यांनी मॅनेजरला सोडलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आदल्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला बँकेत शस्त्रपूजा होती. जुनी बंदूक, नुकतंच आलेलं पिस्तूल, तिजोरीच्या किल्ल्या, सगळं पाटावर मांडलेलं. भटजींनी मनापासून पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. फोटोग्राफर आला. मॅनेजरसाहेबांनी पाटावरचं पिस्तूल उचललं आणि संचालक मंडळींबरोबर पोझ घेतली. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं उभे आणि पिस्तुलाचं तोंड एका संचालकांच्या पोटाकडे. फोटोग्राफर "रेडी" म्हणतोय तेवढ्यात अण्णा मध्ये जाऊन उभे राहिले. थेट कॅमेऱ्यासमोर.

"साहेब, इकडे द्या."

"अहो साळवी, रिकामं आहे ना?"

"मी बघून ठेवलंय. तुम्ही बघितलंत?"

 अण्णांनी पिस्तूल घेतलं, स्लाइड ओढली, आत बघितलं आणि तोंड उजेडाकडे धरून नळीतून नजर टाकली. मग खिशातून तार काढून नळीत घातली. कुंकवाचा लगदा आणि हळदीत माखलेले सात-आठ तांदूळ पाटावर पडले. ते तसंच राहून आत चिकटलं असतं आणि कधी गोळी सुटली असती, तर नळी फुटून चालवणाऱ्याचा हात गेला असता. भटजी ओशाळले. अण्णा त्यांना नमस्कार करून म्हणाले, "भटजीबुवा, पुढल्या साली अक्षता किल्ल्यांवर टाका. त्यांची भोकं आम्ही वापरत नाय." त्या फोटोत मॅनेजरसाहेबांच्या हातात नारळ आहे.

चाप ओढायला शिकवताना ते पिस्तुलाच्या नळीवर शिंपली पालथी ठेवायचे, कोकणात तिसऱ्या म्हणून खातात त्यातली, भाट्याच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेली. पिस्तूल रिकामं. चाप ओढताना शिंपली पडता कामा नये. माझी रोज पडायची. घोडा खटकन आदळण्याआधीच माझे डोळे मिटायचे आणि मनगट खाली जायचं.

"आवाज व्हायच्या आधी घाबरतंस," अण्णा म्हणायचे. "आवाज झाल्यावर घाबर, माजी काय हरकत नाय."

शिंपल्या फुटायच्या, ते नव्या आणायचे. ओरडले नाहीत. एकदाच म्हणाले, "घाट्या, तुज्यामुळे किनारा साफ झाला." महिन्याभरानं एकदा शिंपली राहिली. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, तेवढ्यात पडली. "बक्षीस मागायला वळलंस," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी त्यांच्या डब्यातला सुक्या बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या पानात टाकला.

कोर्सला आठवडा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. देवरूखच्या फेरीवरून जीप परत येत होती. संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं. वाऱ्यानं पडलंय की कुणी पाडलंय, कळेना. अण्णांनी पिस्तूल भरून हातात घेतलं. मी जाळीशी. दार बाहेरून बंद, उतरता येत नाही, काय आहे ते दिसत नाही. इकबालभाईंनी आणि दोन गुराख्यांनी झाड ओढून बाजूला केलं. पंधरा मिनिटंच असतील. काही झालं नाही, पण माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

बँकेत पोचलो तेव्हा चार वाजले असतील. हत्यारांच्या खोलीत आम्ही दोघं. अण्णांनी तोंड वाळूकडे करून मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली. आतली गोळी अशा वेळी उडून वाळूत पडते, आवाज होत नाही. नंतर ती वेचायची असते. त्यांनी आत बघितलं, पिस्तूल माझ्याकडे दिलं.

"खाली."

मी स्लाइड ओढली, आत बघितलं. पिवळ्या उजेडात पितळेची गोल चकती चमकत होती.

क्षणभर मला वाटलं, पुन्हा तीच परीक्षा. मी म्हणालो, "अण्णा, गोळी आहे," आणि जरासा हसलोही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की ही परीक्षा नाही. मी तोंड वाळूकडे केलं, पुन्हा स्लाइड ओढली. या वेळी गोळी सुटली आणि वाळूत पडली. खरी होती. जुन्या पिस्तुलाची गोळी ओढून काढणारी आकडी कधीकधी निसटते, गोळी आतच राहते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून तर डोळ्यांनी बघायचं.

अण्णांनी वाळूतली गोळी उचलून तळहातावर धरली.

"मी बघितलं होतं रे," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बघितलं होतं." मला नव्हे, त्या गोळीलाच सांगितल्यासारखं.

मी म्हणालो, "राहू द्या अण्णा. आकडी सुटली. कुणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस."

त्यांनी वही उघडली, त्यांच्या रकान्यात 'दिलं, खाली' असं लिहून सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "घेतल्याचं लिही. काय पाहिलंस ते लिही."

मला तेव्हा त्या खोलीचं दार एकदम फार लांब वाटलं. अण्णांना बँकेत वर्षावर्षाची मुदतवाढ मिळायची. वय अठ्ठावन्न. ती मुदत त्याच महिनाअखेरीला संपत होती. भरलेलं हत्यार खाली म्हणून दिलं, असं लेखी आल्यावर ती कोण वाढवणार? आणि ते लिहिणार कोण, तर मी. त्यांच्या पेजेवर उठून बसलेला मी, त्यांच्याच जागेसाठी कोर्सला निघालेला मी.

"मी नाही लिहिणार," मी म्हणालो.

"तर मग मी पण नाय." त्यांनी खणातून माझा अर्ज काढून टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती. "इथे लिवलंय, हत्यार सुरक्षित हाताळतो. पाहिलेलं लपवणारा माणूस सुरक्षित कसा? खोट्यावर सही मी करणार नाय."

"अण्णा, तुमची नोकरी जाईल."

"ती माजी हाय. तू तुजं बग."

"लोक म्हणतील, ज्यानं शिकवलं त्यालाच खाल्लं."

"बोलतील." त्यांनी स्टूल ओढलं. "लोकांचं वहीत लिवायचं नसतं."

मी पेन उचललं. विचारलं, "काय लिहू?" ते म्हणाले, "माज्या तोंडचं नको." मग भिंतीकडे तोंड करून बसले, मला लाज वाटू नये म्हणून असेल. मला पाव तास लागला. लिहिलं ते असं: 'घेतलं. स्लाइड ओढून पाहिलं. आत एक खरी गोळी होती. ती वाळूत काढली. आकडी निसटली असावी. कुणाला इजा नाही.' खाली सही केली तेव्हा बोट सरळ होतं, पण कागद थेंबांनी ओला झाला होता. अण्णांनी वही घेतली, बल्बखाली नेऊन डोळ्यांशी धरून सावकाश वाचली. म्हणाले, "'असावी' चांगलं लिवलंस. ठाम ठाऊक नाय ते ठाम लिवायचं नाय." आणि माझ्या अर्जावर सही केली.

मॅनेजरसाहेब भला माणूस. वही बघून त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "साळवी, कोर्स तोंडावर आलाय. हे पान काढून टाकू. आपल्या तिघांतच आहे."

"पानांना नंबर हायत, साहेब."

"कशामुळे झालं पण? तुमच्यासारख्या माणसाकडून?"

"चूक झाली," अण्णा म्हणाले. आकडीचं नावही काढलं नाही.

त्याच दिवसापासून त्यांचा हत्याराला हात लावणं बंद झालं. महिनाअखेरीपर्यंत दारातल्या स्टुलावर बसून म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना टोकन द्यायचं काम. ते त्यांनी त्याच ताठ पाठीनं केलं. प्रत्येक टोकन उलटसुलट बघून द्यायचे. सुर्वे माझ्याशी बोलेनासे झाले. बोलले ते एकदाच, सगळ्यांसमोर. "काय परभणीकर, पेज पचली म्हणायची."  अण्णा स्टुलावरून म्हणाले, "सुर्वे, पाच नंबरची बाई कधीची उभी हाय."

आणि त्यांनी शिकवणी थांबवली नाही. उरलेले सहा दिवस ते त्या खोलीत यायचे, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून उभे राहायचे आणि तोंडानं सांगायचे. पिस्तूल कपाटातून मी काढायचो, शिंपली मी ठेवायचो. माझा हात चुकला की त्यांचा उजवा खांदा पुढे यायचा, पण हात मागेच. ते बघवत नव्हतं. मी एकदा म्हणालो, "अण्णा, इथे कोण बघतंय, धरून दाखवा." पाठीमागची बोटं त्यांनी आणखी घट्ट धरली. पुन्हा तसं बोलायची मला हिंमत झाली नाही.

कोर्सला मी गेलो. सड्यावर दिवसभर ऊन, कातळ तापलेला, पण चारी बाजूंना मोकळं आभाळ. रत्नागिरीत आल्यापासून पहिल्यांदा मला नीट श्वास आला. नेम माझा बेताचाच निघाला. लेखी परीक्षेत सोळा नियम आले होते, सोळाही लिहिले. शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हत्यार द्यायला-घ्यायला कुणी शिकवलं?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. दाखला मिळाला. मी कायम झालो. परत आलो तेव्हा दारातलं स्टूल रिकामं होतं.

दाखला घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. देवरूखहून एसटी, मग अर्धा तास चढण. सबंध वाट मी एकच वाक्य जुळवत होतो: अण्णा, मला माफ करा. ते शेतात होते. पावसाच्या आधी भाताच्या रोपांची जमीन भाजतात, त्यासाठी वाफ्यांवर तोडलेल्या फांद्या आणि वाळका पातेरा पसरत होते. काकू वरून माती टाकत होत्या. करंगळीवर जुना वण होता.

"हाच काय तुमचा घाट्या?" काकूंनी विचारलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "हे सांगत होते, अक्षर चांगलं काढतंस. बस, सरबत आणते."

माझं जुळवलेलं वाक्य तिथंच राहिलं. अण्णांनी हात लुंगीला पुसले, दाखला घेतला, पुढून बघितला, मागून बघितला. "शिक्का हाय," म्हणाले. मग विचारलं, "आता तुला हत्यार देतो कोण?"

"इकबालभाई. त्यांना शिकवलं."

"तो बघतो?"

"कंटाळतात. मी बघायला लावतो."

"शिव्या देतो?"

"देतात."

"मग बरोबर चाललंय."

माफीचं मी काढलंच. पहिला शब्द बोललो असेन, तेवढ्यात ते उठले आणि म्हणाले, "चल, गाडी चुकेल. शेवटची हाय." गाडीला अजून वेळ होता.

रस्त्यापर्यंत पोचवायला आले. एसटी वळणावर दिसली तेव्हा म्हणाले, "पाटी बग, कुठची?" मी हसलो. आयुष्यभर हा माणूस परीक्षाच घेणार. "रत्नागिरी," मी वाचून सांगितलं. गाडी अगदी समोर येऊन थांबली, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "रत्नागिरीच ना?" आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. ते पाटीच्या दिशेला वळलेले होते, पाटीवर नव्हते. पिवळ्या बल्बखाली चमकलेली ती पितळेची चकती मला आठवली.

मी चढलो. मागून तिसऱ्या खिडकीशी जागा मिळाली. बाहेर डोकावलो तर अण्णा पुढच्या एका खिडकीकडे तोंड करून उभे. तिथे एक बाई कडेवरच्या मुलाला घेऊन बसली होती. गाडी हलली. अण्णांनी हात वर केला आणि त्या खिडकीला सांगितलं, "घाट्या, जपून जा. पत्र टाक." बाईला काय वाटलं कोण जाणे. तिनं मुलाचा हात धरून बाहेर हलवला. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही.

तो लहानसा हात त्यांना बहुतेक दिसला. कारण ते हसले, दोन पावलं गाडीबरोबर चालले, आणि मग पायानं वाट चाचपत शेताकडे चढू लागले.